दोन खिळ्यांवरची बंदूक

लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या गावी गेले, तेव्हा ग्रामदेवतेसमोर हात जोडून मी एक नवस बोलले होते. माझ्या वयाच्या मुली तेव्हा मुलगा मागायच्या, नवऱ्याला बढती मागायच्या. मी म्हटलं, "आई, आमच्या मुलुंडच्या घरातली ती बंदूक एकदाची बाहेर जाऊ दे. पाच नारळांचं तोरण बांधीन."

देवीनं ऐकलं. फक्त जरा उशिरा. म्हणजे माझी मुलगी नोकरीला लागल्यावर!

मधल्या काळात त्या बंदुकीचे इतके किस्से साठले, की मंगळवारच्या भजनानंतर प्रसाद हातात घेऊन बायका म्हणतात, "वहिनी, आज बंदुकीचं सांगा ना काहीतरी." दाराआडच्या पिशवीत पिशव्या कोंबून ठेवलेल्या असतात ना, तसे हे किस्से. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आज सगळेच काढते.

आधी बंदूक कसली ते सांगते, नाहीतर उगाच घाबराल. हवेवर चालणारी, छर्‍याची. जर्मन बनावटीची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. माझे सासरे, अप्पा, गिरणीत फिटर होते. गिरणीच्या स्पोर्ट्स डेला त्यांनी नेमबाजीत भल्याभल्या साहेबांना हरवलं आणि मॅनेजरसाहेबांनी खूश होऊन स्वतःची बंदूकच बक्षीस दिली. तेव्हापासून ती आमच्या हॉलमध्ये, देवघराशेजारी, वीतभर अंतरावरच्या दोन खिळ्यांवर आडवी टेकलेली. मी उदबत्ती लावायला वाकले की नळी बरोब्बर माझ्या कानशिलाशी! नवस बोलू नको तर काय करू?

*

पहिला दसरा. शस्त्रपूजेला अख्खी विंग आमच्याकडे. कारण शस्त्र म्हणावं अशी वस्तू सबंध बिल्डिंगमध्ये ही एकच.

अप्पांनी बंदूक पाटावर ठेवली, तेलाचं बोट फिरवलं आणि मला हाक मारली, "सूनबाई, हळद-कुंकू वाहा."

मी लांबूनच हात ताणला, डोळे घट्ट मिटले आणि बोट टेकवलं. डोळे उघडते तर कुंकू अप्पांच्या अंगठ्याला!

अप्पा म्हणाले, "माझी पूजा नंतर. आधी तिची."

मग हळूहळू रीतच पडली. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आपली पक्कड आणून तिच्या शेजारी ठेवायचे. कुंदा, म्हणजे माझी समोरच्या दारातली मैत्रीण, शिवणाची कात्री आणायची. एका वर्षी तिच्या नवऱ्यानं टीव्हीचा रिमोट आणून ठेवला. "हे कसलं शस्त्र?" म्हटलं, तर म्हणतो, "आमच्याकडच्या सगळ्या लढाया यावरूनच होतात!"

पूजा झाली की अप्पा गच्चीवर जायचे. वाळूच्या पोत्यासमोर तुपाचा रिकामा डबा ठेवायचा, एकच छर्रा भरायचा आणि डबा वाजवायचा. ठण्ण! मगच आम्ही सोनं वाटायला मोकळे. आणि अप्पांचा नियम असा, की पूजेचं कुंकू पुसायचं नाही. त्यामुळे दर वर्षीच्या तेलावर पुढच्या वर्षीची हळद, त्यावर कुंकू. होता होता बंदुकीचं पुढचं अर्धं अंग शेंदराच्या मूर्तीसारखं झालं. आणि मलाही कानशिलाशी नळी असल्याशिवाय पूजा केल्यासारखं वाटेना, हे माझं मलाच कळलं नाही.

*

मग तो गेल्या वर्षीचा दसरा.

अप्पांनी नेहमीसारखा नेम धरला. आम्ही 'ठण्ण'ची वाट बघतोय. बंदुकीतून 'फुस्स' आवाज आला आणि छर्रा डब्यापर्यंत पोचलाच नाही. मध्येच टपकन पडला.

अप्पांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "हात गेला."

आमचे हे पटकन म्हणाले, "अप्पा, वारा होता." वारा कसला? कपडे वाळत घातलेली दोरीसुद्धा हलत नव्हती!

संध्याकाळी जेवताना अप्पांनी जाहीर केलं. "ही विकायची. माझ्या डोळ्यांदेखत विकायची. आणि अशा घरी द्यायची जिथे ती चालेल. माझ्यामागे तुम्ही तिला माळ्यावर टाकाल नाहीतर भंगारात द्याल, ते मला नको."

मानसी, माझी मुलगी, म्हणाली, "आजोबा, विकायची कशाला? कुणाला तरी अशीच देऊन टाकू."

"फुकट मिळालेल्या वस्तूला कुणी तेल घालत नाही," अप्पा म्हणाले. "योग्य भाव येऊ दे. कमी आला तर देणार नाही, आणि शोभेला ठेवणार असेल तर कितीही आला तरी देणार नाही."

मी आमटी वाढता वाढता थांबले. माझा नवस! तो पावत होता, आणि मला तो आता नकोच होता.

दुसऱ्या दिवशी मी गावी गुरवकाकांना फोन केला. "काका, बोललेला नवस मागे घेता येतो का?"

ते म्हणाले, "वयनी, देवीकडे दिलेलो अर्ज परत मिळणा नाय. वाढीव अर्ज करूक गावता."

म्हणून मी वाढीव अर्ज केला. "आई, जायचीच असेल तर अप्पांना पटेल अशाच घरी जाऊ दे. तोवर मी चहातली साखर सोडली."

आता चहा घरात एकाच पातेल्यात होतो. चौथ्या दिवशी हे कप खाली ठेवून म्हणाले, "नवस तुझा आणि तोंड कडू आमचं?"

*

ह्यांचा स्वभाव भित्रा. "विकायच्या आधी पोलिसांना विचारून घेऊ, कागदपत्रं काय लागतात ते." तिकडून निरोप आला, वस्तू घेऊन या, बघू.

पण बंदूक रस्त्यानं न्यायची कशी? माझ्या डोक्यात आलं, आमच्या भजनी मंडळाच्या वीणेची खोळ आहे. बंदूक तिच्यात घातली, वर तोंडाशी उपरणं कोंबलं. मी आणि कुंदा रिक्षात बसलो.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "मावशी, भजनाला निघालात वाटतं?"

खोटं बोलायचं नाही म्हणून मी नुसतं हसले.

"माझी आई पण मंडळात होती. एखादा अभंग म्हणा ना, तेवढंच बरं वाटेल सकाळी सकाळी."

आता काय करणार? कुंदानं टाळ्यांचा ठेका धरला, मी सूर लावला. तीन सिग्नल आम्ही गात होतो! उतरताना तो भाडं घेईना. वर वीणेच्या पाया पडायला वाकला आणि खोळीवर डोकं टेकवलं. कुंदाचं हसू काही आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला, तर त्याला वाटलं तिला गहिवरून आलंय!

आत गेल्यावर हवालदारसाहेब एकदम कडक. "काढा बाहेर. टेबलावर ठेवा."

खोळ काढली. तो कुंकवाचा थर, त्यात चिकटून राहिलेल्या दोन-चार अक्षता, झेंडूची एक सुकी पाकळी. साहेब दोन पावलं मागे सरले. मग टेबलाखाली वाकून त्यांनी आधी बूट काढले.

"घेणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी ठेवा, लेखी पावती करा," ते बंदुकीकडे बघतच म्हणाले. आणि मग जरा हळू आवाजात, "घराण्यातली आहे का?"

*

मानसीनं फोटो काढून इंटरनेटवर जाहिरात टाकली. तिथून जे फोन सुरू झाले!

एक जण, "लास्ट प्राइस बोला." अजून पहिली कुणी बोललंच नव्हतं!

एक, "त्याबदल्यात ट्रेडमिल चालेल का? फारशी वापरलेली नाही." ते तर आम्हाला कळलंच होतं.

एक जण रत्नागिरीकडचा आंबेवाला. "माकडांसाठी हवी." अप्पांनी फोन हातात घेतला. "माकडांना मारणार?" "नाही हो, नुसती दाखवायची!" "मग माझा फोटो पाठवतो," असं म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

आणि एक अंधेरीची बाई. लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढतात, त्यासाठी एक दिवस भाड्यानं हवी होती. नवरी बंदूक रोखणार, नवरा हात वर करणार, अशी काहीतरी आयडिया.

अप्पांनी शांतपणे विचारलं, "नवऱ्या मुलीला नेम येतो का?"

"नाही अंकल, फक्त पोज."

"मग लाटणं द्या. ते नक्की लागेल."

*

जुहूची डेकोरेटर मात्र गाडी घेऊन घरी आली. मोठी छान मुलगी, अदबशीर. आल्या आल्या अप्पांच्या पाया पडली. एका नव्या रेस्टॉरंटच्या भिंतीसाठी तिला जुन्या वस्तू हव्या होत्या. तिनं आकडा सांगितला आणि आमचे हे सोफ्यावरून अर्धे उठले.

अप्पांनी विचारलं, "तिथे ती चालवेल कोण?"

"चालवायची नाही, अंकल. आम्ही दस्त्याला मागून दोन स्क्रू मारून फ्रेममध्ये फिक्स करू. खाली मस्त लाइट. झकास दिसेल!"

अप्पा उठले. भिंतीपाशी गेले. बंदूक उचलून त्यांनी तिला ते दोन खिळे दाखवले. "बघ. इतकी वर्षं ती यावर नुसती टेकून आहे. भिंतीला भोक पाडलं, तिला नाही."

ती मुलगी चहा पिऊन गेली. माझ्या बिनसाखरेच्या चहाचं तिनं फार कौतुक केलं. हे मात्र दोन दिवस तो आकडाच पुटपुटत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अप्पा, अशानं ती कधीच जायची नाही."

अप्पा म्हणाले, "मला घाई आहे रे. तिला नाही."

मला तेव्हा पहिल्यांदा धस्स झालं. कारण दसऱ्यानंतर अप्पांनी एकदाही बंदूक खांद्याला लावली नव्हती. गच्चीवर जाणंच सोडलं होतं. जेवतानाही घास डाव्या हातानं सावरायचे, जणू उजवा खरंच गेलाय.

*

मग कुणीतरी पार्ल्याच्या लिमयेकाकांचं नाव सुचवलं. जुन्या बंदुकांचे दर्दी. विकतही घेतात, पण मुख्य म्हणजे खरी किंमत सांगतात. शनिवारी सकाळी येतो म्हणाले.

आता पारखायला माणूस येणार म्हटल्यावर कोणत्याही बाईच्या मनात येईल तेच आमच्या मनात आलं. शुक्रवारी दुपारी कुंदा वाटीभर चिंचेचा कोळ आणि काथ्या घेऊन हजर! "वहिनी, तुमच्या समया कशा लखलखतात! हिलाही तशीच करू. बघा उद्या कसा भाव येतो ते."

मी पदर खोचला. बंदूक वर्तमानपत्रावर घेतली. कुंदानं काथ्या कोळात बुडवला आणि मी ओरडले, "थांब!"

माझे सोळा शुक्रवार चालू होते. त्या दिवशी घरात आंबट खायचं नाही, शिवायचंसुद्धा नाही.

"अहो, तुम्ही नका शिवू. मी घासते ना!"

"माझ्या घरात चिंच नको गं आज. उद्या सकाळी लवकर ये."

पण उद्या सकाळी कुंदाच्या आधी लिमयेकाका आले! मी ओशाळून बंदूक पुढे ठेवली. "माफ करा हं, घासून ठेवणार होतो, पण काल शुक्रवार पडला."

काकांनी चष्मा काढला. "तुम्ही हिला आजवर कधीच घासली नाहीत?"

"नाही हो. पूजेचं कुंकू पुसत नाहीत आमच्याकडे."

त्यांनी कोमट तेलात कापूस बुडवला आणि हलक्या हातानं एकेक थर सोडवायला बसले. सगळी सकाळ गेली. कुंकू सुटलं, हळद सुटली आणि खालून नळीचा मूळचा निळसर काळा रंग वर आला. मोराच्या मानेसारखा! मग कारखान्याचा शिक्का. पंख पसरलेला एक छोटासा पक्षी. पिसं मोजता येतील इतका कोरा. अप्पा वाकून वाकून बघत होते. त्यांना त्या पक्ष्याचा विसरच पडला होता.

"लोक पॉलिश करून हिची वाट लावतात," काका म्हणाले. "मग रंग जातो, शिक्का जातो आणि उरतं नुसतं लोखंड. घरून निघताना मी मनात जो आकडा धरला होता, तो विसरा. दुप्पट सांगा आणि एक पैसा कमी करू नका."

तेवढ्यात दारात कुंदा, हातात वाटी! सगळं ऐकलं तिनं. वाटी तिथेच उंबऱ्यावर ठेवली आणि कपाळाला हात लावला.

पुढच्या शुक्रवारपासून तिनंही उपास धरला. का म्हणून विचारलं तर म्हणते, "माझ्याही घरात जुनं काय काय आहे, कुणाला ठाऊक!"

*

निघताना लिमयेकाकांनी बंदूक एकदा चालवून बघितली. पुन्हा 'फुस्स'.

अप्पा तोंड फिरवून म्हणाले, "माझ्याच हातचा दोष वाटत होता."

"दोष हाताचा कसा असेल?" काका म्हणाले. "आता तर माझ्या हातात होती! आत चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की हवा धरत नाही."

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे स्टोव्हच्या पंपाला असायचा तसला?"

"अगदी तसलाच."

"अहो मग सोपं आहे! माझी आई तो खोबरेल तेलात भिजत घालायची. रात्रभर. फुगून मऊसूत व्हायचा."

काका हसले. "मी वेगळं तेल वापरतो, पण पद्धत हीच. होऊ दे तुमच्या आईच्या पद्धतीनं!" त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बंदूक उघडली, वायसर काढून दिला. मी तो वाटीत तेल घेऊन देवघरापुढेच ठेवला. म्हटलं, आता तूच बघ.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, सगळं जोडलं आणि आम्ही गच्चीवर गेलो. पोत्यासमोर तुपाचा डबा, झाकण घट्ट लावलेला. अप्पा नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "अप्पा, माझ्या खोबरेलासाठी तरी."

त्यांनी नेम धरला.

ठण्ण!

नळीतून पांढरा धूर निघाला आणि सगळ्या गच्चीवर गरम खोबरेल तेलाचा वास! डबा लोळत गेला. त्याच्या पोटाला मधोमध एक भोक. छर्रा आत शिरला होता आणि आतच राहिला होता. अप्पांनी डबा उचलून कानाशी हलवला. खुळुक.

"म्हणजे माझो हात गेलो नव्हतो!" आनंद झाला की अप्पा मालवणीत शिरतात. "आणि वास बघ गो कसो येता! जर्मन खंयची? मालवणीच ही!"

त्या दिवशी ते उजव्या हातानं जेवले. दोनदा भात घेतला.

मी लगेच देवापुढे जाऊन बसले. म्हटलं, संपलं. आता कसली विकतात! संध्याकाळी हळूच विचारलं, "अप्पा, मग जाहिरात काढून टाकायला सांगू ना मानसीला?"

"का?" अप्पा म्हणाले. "आता तर विकायची. बिघडलेली वस्तू मी कुणाच्या गळ्यात मारणार होतो, तेच मला खात होतं. आता चांगली झाली, आता मानानं जाईल."

*

आता अप्पांनी परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. येणाऱ्यानं गच्चीवर यायचं आणि डब्यावर छर्रे मारून दाखवायचे. त्यांचा स्वतःचा डबा बाजूला. "तो माझा. त्याला हात लावायचा नाही." बाकीच्यांसाठी दुसरा.

अंधेरीचा एक जण आला. जाड जॅकेट, हातमोजे, सगळा सरंजाम. पहिल्याच छर्‍याला डबा उडवला! आम्ही टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "बॅलन्स जरा गडबड आहे. दस्ता बदलून घेईन." अप्पा म्हणाले, "या."

दुसरा आला तो एका हातात मोबाइल धरून स्वतःचंच शूटिंग करत. चुकला. "साइट वाकडी आहे हो हिची!" अप्पा म्हणाले, "या."

आमचे हे मला म्हणाले, "आता देवीला म्हणावं, तूच ये नेम धरायला."

मग एका रविवारी माहुलहून रेश्मा आली. तिथल्या कोळीवाड्यातली मुलगी. आठवडाभर बँकेत नोकरी आणि रविवारी नेमबाजीचा सराव. बरोबर तिची आई, ठसठशीत कुंकू, हातात सुक्या बोंबलांची पुडी. "रिकाम्या हातान कशी येवाची?" अप्पांनी पुडीचा वास घेतला आणि निम्मे तिथेच विरघळले.

गच्चीवर रेश्मानं आधी चपला काढल्या. बंदूक हातात घेतली, नेम धरला, छर्रा पोत्यात. चुकली. तिनं दुसरा भरला. चुकली. तिसरा तर डब्याच्या बराच वरून गेला.

"सरावाला चांगली मारते हो माझी पोर!" तिची आई कावरीबावरी झाली. रेश्मानं बंदूक हळूच चटईवर ठेवली, पोत्यापाशी गेली, वाळूत बोटं घालून आपले तिन्ही छर्रे शोधून काढले आणि तळहातावर घेऊन अप्पांसमोर धरले.

"आजोबा, परत एकदा येऊ का पुढच्या रविवारी?"

अप्पांनी छर्रे घेतले. "कशाला? घेऊनच जा."

आमचे हे थक्क! "अप्पा, ती चुकली की!"

"चुकली, पण बंदुकीला नाव ठेवलं नाही," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सूनबाई, चहा टाक. साखर घालून."

लिमयेकाकांनी सांगितला होता तोच भाव झाला. पावती झाली, ओळखपत्राची कॉपी घेतली. मला राहवेना. मी बंदुकीच्या दस्त्याशी तांदूळ, नारळ, खण ठेवला, मुलीची पाठवणी करतात तसं. रेश्माच्या आईनं पदर पसरून ते घेतलं आणि आम्ही दोघी विनाकारण रडलो.

दारातून निघताना अप्पांनी आपला तो भोक पडलेला डबाही रेश्माच्या हातात दिला. "नेम बसला की यावर मार."

त्या रात्री उदबत्ती लावायला वाकले. कानशिलाशी काहीच नाही. नुसते दोन खिळे. मे महिन्यात गावी जाऊन तोरण बांधून आले. गुरवकाका म्हणाले, "पावली ना?" मी म्हटलं, "पावली. पण वरचेवर विचारपूस करत जा म्हणावं, नवस जुना झाला की."

*

परवाच्या दसऱ्याची गोष्ट. सकाळीच विंगमधले सगळे जमले. पक्कड आली, कात्री आली, रिमोटही आला. पाटावर मधली जागा मोकळी. कुठून सुरुवात करावी कुणाला कळेना.

तेवढ्यात बेल वाजली. माहुलहून रेश्माचा भाऊ आला होता, हातात कापडात बांधलेलं काहीतरी. "ताईनं आजोबांना द्यायला सांगितलंय." चहालाही थांबला नाही.

अप्पांनी गाठ सोडली. आत तोच तुपाचा डबा. झाकणाला कुंकवाचं बोट आणि एक चिठ्ठी, 'आजोबा, लागला.'

हे डबा हातात घेऊन फिरवायला लागले. पुढून बघितला, मागून बघितला, खालून बघितला. "अप्पा, यावर भोक तर एकच आहे! तुमचंच, जुनं."

मानसी म्हणाली, "बाबा, त्याच भोकातून गेला असेल."

"काहीतरीच काय! झाकण काढून वरून टाकला असेल तिनं."

कुंदा म्हणाली, "मारलाच नसेल. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला लिहिलं असेल."

अप्पांनी कुणाचंच ऐकलं नाही. डबा ह्यांच्या हातून घेतला, भोकाच्या कडेवरून एकदा करंगळी फिरवली. मग डोळे मिटून कानाशी धरला आणि हळूच हलवला.

खुळुक, खुळुक.

इतकी वर्षं या घरात आहे मी, पण अप्पांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते उठले आणि डबा त्या दोन खिळ्यांवर आडवा ठेवला. बरोब्बर बसला.

आता आल्यागेल्याला आमच्या देवघराशेजारी तुपाचा रिकामा डबा दिसतो आणि प्रत्येक जण विचारतो, हे काय? मी काहीच सांगत नाही. तुम्हीही कधी मुलुंडला आलात तर या घरी. आधी चपला काढा, डब्याला कुंकवाचं बोट लावा, मग कानाशी धरून हलवा आणि अप्पांकडे बघा.